आरोग्याचे अनुदान आणि आपले कलामहाविद्यालय

गतवर्षी १ ऑक्टोबरला, म्हणजे राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिनी, आपल्या महाविद्यालयात रक्तदान शिबिर झाले. राष्ट्रीय सेवा योजनेची स्वयंसेविका ह्या नात्याने रांग लावण्याचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी आपण रक्त द्यावे, ह्या विचाराने मी रांगेत पहिली उभी राहिले. वजन ४५ किलोंच्या वर होते, वय अठराच्या पुढे होते, भीती तर मुळीच नव्हती. ताईंनी बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेतला आणि मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडला. थेंब बुडाला तर रक्त चालते, तरंगत राहिला तर चालत नाही. माझा थेंब तरंगत राहिला. ताई म्हणाल्या, "तू काय रक्त देणार बाई, तुलाच द्यायची पाळी आहे!" सगळे हसले, मीही हसले. पण माझ्यामागे उभ्या असलेल्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुली अशाच परत फिरल्या तेव्हा कोणालाच हसू आले नाही.

रक्तदानासाठी हिमोग्लोबिनचे प्रमाण १२.५ ग्रॅम लागते. गर्भवती नसलेल्या स्त्रीच्या बाबतीत ते १२ च्या खाली गेले, की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो रक्तक्षय होय. म्हणजे परत फिरलेली प्रत्येक मुलगी आजारीच होती असे नव्हे. पण बऱ्याच जणी असणार हे उघड आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. आपल्या रांगेने ह्या आकड्यांची साक्षच दिली.

त्यानंतर लोकप्रशासनाच्या तासाला मी सरांना विचारले, "सर, कॉलेजातल्या मुलामुलींच्या तब्येतीसाठी सरकार काही ग्रँट देत नाही का?" सर म्हणाले, "देत असेल. तुम्ही शोधून काढा आणि वार्षिकांकासाठी लिहा. लोकप्रशासनाचा पेपर तुमचा, माझा नव्हे!" सरांच्या त्या एका वाक्यापायी मी वर्षभर कचेऱ्या, परिपत्रके आणि फायली ह्यांच्या नादी लागले. त्यातून जे समजले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

अनुदान म्हणजे काय?

आपल्याकडे 'ग्रँट' हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. 'अमुक कॉलेज ग्रँटेबल आहे, तमुक नॉन-ग्रँट आहे' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात असते ते वेतन अनुदान, म्हणजे प्राध्यापकांचे व कर्मचाऱ्यांचे पगार राज्य शासन देते की नाही, एवढेच. ज्या अनुदानाविषयी मी लिहीत आहे ते निराळे. ते योजना अनुदान होय. एखादे ठरावीक काम, ठरावीक मुदतीत, ठरावीक रकमेत करण्यासाठी शासन संस्थेला पैसे देते आणि काम झाल्यावर हिशेब मागते. ते कर्ज नव्हे, कारण परत करावयाचे नसते. ती देणगीही नव्हे, कारण मनास येईल तसे खर्चता येत नाही. हिमोग्लोबिन तपासणीसाठी आलेल्या पैशातून व्यासपीठावरचा पडदा विकत घेता येत नाही, मग पडदा कितीही फाटलेला असो.

अनुदानाचे आणखी दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. आवर्ती अनुदान दरवर्षी मिळते. डॉक्टरांचे मानधन, औषधे, प्रवासखर्च ह्यांसारख्या चालू खर्चासाठी ते असते. अनावर्ती अनुदान एकदाच मिळते. इमारत किंवा यंत्रसामग्री त्यातून उभी राहते. ह्या दोहोंची गल्लत झाली म्हणजे काय होते, ते अनेक संस्थांत पाहावयास मिळते: यंत्र येते, पण ते चालविणाऱ्याच्या पगाराची तरतूद नसते, आणि मग यंत्रावर धूळ बसते.

दोन खाती, दोन खिसे

माझा शोध सुरू झाला तो एका गैरसमजातून. 'आरोग्य अनुदान, महाविद्यालये व विद्यापीठे' असे शब्द दिसले की मला वाटे, हे आपल्यासाठीच. मग दोन पाने वाचली की कळे, इथे 'महाविद्यालय' म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय. असे तीन-चार वेळा झाले तेव्हा मी मुळाशी जायचे ठरविले.

आपल्या संविधानाच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यसूचीत आहे. शिक्षण हा विषयही मुळात बहुतांशी राज्याकडेच होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला. आरोग्याचे मंत्रालय वेगळे, शिक्षणाचे वेगळे, आणि राष्ट्रीय सेवा योजना तर तिसऱ्याच, म्हणजे युवक कार्य व क्रीडा मंत्रालयाकडे. विद्यार्थी मात्र एकच. त्याचे डोके शिक्षण खात्याकडे, रक्त आरोग्य खात्याकडे आणि श्रमदान युवक खात्याकडे! तेव्हा 'विद्यार्थ्याचे आरोग्य' ह्या विषयाला एकच एक दार नाही, हे आधीच समजून घेतले पाहिजे.

आपल्या शहराच्या इतिहासातही ही फाळणी दिसते. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपली 'घाटी', १९५६ साली सुरू झाले. तोपर्यंत मराठवाड्यातील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाकडे पाहत. १९५८ च्या २३ ऑगस्टला मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे कला, विज्ञान, वाणिज्य व वैद्यक अशी सारी भावंडे ह्या एकाच छत्राखाली नांदली. ह्याच विद्यापीठाला १९९४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मिळाले. मग १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे संलग्न झाली. शिक्षणाच्या दृष्टीने त्यात सोय असेल. परंतु आरोग्याचा पैसा आणि कलाशाखेचा विद्यार्थी ह्यांच्यामधले अंतर त्याने वाढले, असे म्हणावयास हरकत नाही.

मोठ्या अनुदानाचे उदाहरण पाहावयाचे तर घाटीकडेच पाहावे. २००३ मध्ये घोषित झालेल्या प्रधानमंत्री स्वास्थ्य सुरक्षा योजनेच्या तिसऱ्या टप्प्यात देशातील काही जुनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये अद्ययावत करण्याचे ठरले. त्यांत आपले तेव्हाचे औरंगाबाद होते. प्रत्येक महाविद्यालयासाठी साधारण १५० कोटी रुपयांचा आराखडा, त्यांपैकी १२० कोटी केंद्राचे व ३० कोटी राज्याचे, अशी त्याची रचना होती. घाटीतील अतिविशेषोपचार इमारत त्यातून उभी राहिली. तसेच २०१२ मध्ये सुरू झालेल्या येथील शासकीय कर्करोग रुग्णालयाला पुढे राज्य कर्करोग संस्थेचा दर्जा मिळाला. त्या केंद्रीय योजनेत अशा संस्थेसाठी १२० कोटींची कमाल मर्यादा असून केंद्र व राज्य ह्यांचा वाटा ६० व ४० असा आहे. कन्नड-सिल्लोडच्या रुग्णाला मुंबईची गाडी पकडावी लागू नये, ह्यासाठी हा पैसा खर्चला गेला, आणि तो सत्कारणीच लागला.

ह्या उदाहरणातून एक धडा घेण्यासारखा आहे. केंद्र एकटे पैसे देत नाही. राज्याने आपला वाटा घालावा लागतो. जागा, मनुष्यबळ आणि पुढील देखभाल ह्यांची हमी द्यावी लागते. रक्कम लहान असो वा मोठी, अनुदानाचा हा स्वभाव बदलत नाही.

आपल्यासाठी उघडी असलेली दारे

आता प्रश्न आपला. कलामहाविद्यालयाला आरोग्याच्या कामासाठी काय मिळू शकते?

पहिले दार राष्ट्रीय सेवा योजनेचे. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील ४०,००० विद्यार्थ्यांनिशी ही योजना सुरू झाली. स्वयंसेवकाने दरवर्षी १२० तास ह्याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम करावयाचे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात भाग घ्यावयाचा. पूर्वी खर्चात राज्याचाही वाटा असे. एप्रिल २०१६ पासून तो संपूर्णपणे केंद्राकडून येतो. गेल्या दशकात नियमित कार्यक्रमासाठी दर स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि विशेष शिबिरासाठी ४५० रुपये असा दर होता. हिशेब करून पाहा: १०० स्वयंसेवकांच्या एका एककाला २५,००० रुपये आणि शिबिराला जाणाऱ्या ५० जणांसाठी २२,५०० रुपये. त्यातही नियमित कार्यक्रमाच्या रकमेतून काही भाग व्यवस्थापनावर जातो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून विद्यापीठाचे चालू परिपत्रक पाहूनच अंदाजपत्रक करावे. रक्कम मोठी नाही हे खरे. पण आरोग्य हा ह्या योजनेच्या मान्य विषयांपैकी एक आहे आणि हे दार आपल्याच आवारात आहे.

दुसरे दार रेड रिबन क्लबचे. एच.आय.व्ही.विषयी तरुणांत मोकळेपणाने बोलले जावे आणि ऐच्छिक रक्तदान वाढावे, ह्यासाठी महाविद्यालयांत हे क्लब चालतात. राज्याची एड्स नियंत्रण संस्था व जिल्ह्याचे एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक ह्यांच्याकडून त्यांना साहित्य, मार्गदर्शक आणि कार्यक्रमासाठी थोडी रक्कम मिळते. एक प्राध्यापक प्रमुख नेमावा लागतो. ह्या कल्पनेला जुनी परंपरा आहे. १९८० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रोत्साहनाने महाविद्यालयांत लोकसंख्या शिक्षण मंडळे निघाली होती. १९९१ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने एड्सविषयी विद्यापीठांतून संवाद घडवून आणण्याचा देशव्यापी उपक्रम हाती घेतला होता. म्हणजे कलामहाविद्यालयाने आरोग्याचे काम करणे ही काही आजची टूम नव्हे.

तिसरे दार संशोधनाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद १९११ साली निराळ्या नावाने सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी तिची दोन महिन्यांची अल्पकालीन विद्यार्थिवृत्ती १९७९ पासून आहे. ती आपल्यासाठी नाही. पण १९६९ साली स्थापन झालेली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आपलीच आहे. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र ह्यांच्या अध्यापकांना ती लहान व मोठ्या प्रकल्पांसाठी अनुदान देते आणि आरोग्य हा विषय तिला परका नाही. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. हा प्रश्न केवळ शस्त्रक्रियेचा होता काय? त्यात उचल होती, मुकादम होता, बुडणारी मजुरी होती, स्त्रीच्या देहाविषयीचे अज्ञान होते. हे सारे सामाजिक शास्त्रांचे क्षेत्र होय. ह्यावर प्रकल्प लिहिण्यास आपल्याइतके जवळचे कोण आहे?

चौथे दार पायाभूत सुविधांचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २ (एफ) व १२ (बी) ही नावे आपण कार्यालयाच्या फलकावर वाचतो. त्यांचा अर्थ इतकाच, की आयोगाने महाविद्यालयाला मान्यता दिली आहे आणि ते केंद्रीय साहाय्यास पात्र आहे. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत, म्हणजे मार्च २०१७ पर्यंत, आयोगाच्या अनेक लहान योजना ह्या वाटेने येत. त्यानंतर तो ओघ आटला. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाला २०२३ मध्ये 'पीएम-उषा' हे नवे रूप मिळाले. त्यात २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी महाविद्यालयांच्या सबलीकरणाला प्रत्येकी ५ कोटींपर्यंत तरतूद होती. असा पैसा राज्याच्या मार्फत येतो आणि इमारत, दुरुस्ती, उपकरणे ह्यांसाठी असतो. मुलींची स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, विश्रांतिकक्ष ह्यांना आरोग्याचे काम म्हणावयाचे नाही तर कशाला?

पाचवे दार मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, आणि त्यात पैसा मुळीच येत नाही. येते ती सेवा. २०१८ च्या रक्तक्षयमुक्त भारत कार्यक्रमात शाळेतील किशोरवयीन मुलामुलींना आठवड्याला एक निळी लोहगोळी मिळते आणि वीस वर्षांवरील स्त्रियांसाठी तांबडी गोळी आहे. निळी गोळी शाळेतून वाटली जाते, तांबडी आरोग्य केंद्रातून. पदवी महाविद्यालय ह्या दोन वाटांच्या मधोमध पडते. बारावी झालेली मुलगी शाळेच्या यादीतून जाते, आणि गर्भवती होईपर्यंत आरोग्य केंद्राची पायरी सहसा चढत नाही. ही मधली चार-पाच वर्षे तिच्या रक्ताचा हिशेब कोणाकडेच नसतो. किशोरवयीनांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' नावाचे समुपदेशन केंद्र असते. मनावर ताण आला तर बोलण्यासाठी ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही सेवा १४४१६ ह्या क्रमांकावर मराठीतूनही मिळते. ह्यांतले काहीच विकत घ्यावयाचे नाही. फक्त कोणीतरी पत्र लिहून बोलावले पाहिजे.

परदेशात काय चालते, हेही थोडक्यात पाहू. अमेरिकेत गॅरेट ली स्मिथ ह्या महाविद्यालयीन तरुणाने २००३ मध्ये आत्महत्या केली. त्याचे वडील सिनेटर होते. पुढल्याच वर्षी त्याच्या नावाने कायदा झाला आणि आत्महत्या रोखण्यासाठी महाविद्यालयांना थेट केंद्रीय अनुदान मिळू लागले. त्यासाठी महाविद्यालय वैद्यकीयच असले पाहिजे अशी अट नाही. विद्यार्थी जेथे शिकतो तेथेच त्याच्या आरोग्याची सोय व्हावी, हा विचार त्यामागे आहे. आपल्याकडे असा विचार तुकड्यातुकड्यांनी आहे. तुकडे जोडण्याचे काम मात्र महाविद्यालयाला करावे लागते.

अर्ज कसा लिहू नये

हे मी अनुभवाने सांगते. माझा पहिला मसुदा अकरा पानांचा होता. आरंभी 'शरीर हेच धर्माचे पहिले साधन' ह्या अर्थाचा विचार, मग प्राचीन भारतातील आरोग्यदृष्टी, मग तरुण पिढीचे कर्तव्य, आणि शेवटच्या परिच्छेदात क्ष-किरण यंत्राची मागणी. सरांनी लाल शाईने एवढेच लिहिले: "कोणाचे काय दुखते आहे?"

त्या एका प्रश्नाने मसुदा बदलला. अर्जात सहा गोष्टी असाव्यात. गरज काय आहे आणि ती आपण मोजली आहे काय? नेमके काय करणार? किती दिवसांत? कोणती बाब कितीला पडेल? जबाबदार कोण? आणि अनुदान संपल्यावर काम चालू कसे राहील? ह्यांतील पहिला आणि शेवटचा प्रश्न आपण बहुधा टाळतो, आणि अर्ज बहुधा तेथेच पडतो.

गरज मोजावयाची म्हणजे वर्गमैत्रिणींना चार प्रश्न विचारावयाचे. मी ते विचारले. सकाळी काही खाऊन आलीस का? येथे येण्यास किती वेळ लागतो? जेवणाबरोबर चहा घेतेस का? शेवटची रक्ततपासणी कधी झाली? पैठण, वैजापूर, फुलंब्रीकडून पहाटेच्या एस.टी.ने येणाऱ्या मुली उपाशीपोटी येतात आणि दुपारी दोनला डबा उघडतात. खोली करून राहणाऱ्या मुली एक वेळचा मेसचा डबा दोन वेळा पुरवितात. चौथ्या प्रश्नाला बहुतेकींचे उत्तर एकच होते: "कधीच नाही." ही गरज होती, क्ष-किरण यंत्र नव्हे.

एक सावधगिरी मात्र हवी. आरोग्याची माहिती ही खाजगी बाब आहे. प्रत्येकीची संमती घ्यावी, नावे नोंदवहीतच ठेवावीत आणि अर्जात फक्त एकूण संख्या द्यावी. संशोधन म्हणून काम करावयाचे असेल तर नीतिसमितीची मान्यता आधी घ्यावी लागते. वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे त्यासाठीच आहेत.

हिशेबाची गोष्ट

अनुदान मिळविणे कठीण, पण त्याचा हिशेब देणे त्याहून कठीण. केंद्राच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे अनुदान घेणाऱ्या संस्थेला विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना १२-ए असा आहे. ज्या आर्थिक वर्षाचे पैसे, ते वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत ते पोचले पाहिजे. अनुदानाच्या रकमेवर बँकेत जमलेले व्याजही आपले नसते. ते भारताच्या संचित निधीत भरावे लागते. प्रमाणपत्र गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो, आणि तो थांबला की 'शासन पैसेच देत नाही' अशी ओरड सुरू होते.

आमच्याच एका शिबिराचे असे झाले. गूळ-शेंगदाणे, केळी आणि लिंबे घेतली. पावती घेण्याचे कोणालाच सुचले नाही. हातगाडीवाल्या काकांकडे पावतीपुस्तक कुठून असणार! हिशेब अडला, कार्यालयातील फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकत राहिली आणि पुढचे पैसे उशिरा आले. रक्कम चार आकडीही नव्हती. तेव्हापासून मी एक साधी वही ठेवते: तारीख, बाब, रक्कम, पावती क्रमांक, आणि पावती नसेल तर विक्रेत्याची सही. वहीची किंमत तीस रुपये. तिने आमचे एक वर्ष वाचविले.

शेवटी काय झाले?

वाचकांना आता उत्सुकता असेल, की इतके केल्यावर अनुदान मिळाले का? मोठे अनुदान मिळाले नाही. आमचा सहा पानांचा प्रस्ताव योग्य मार्गाने वर गेला आहे आणि उत्तराची वाट आहे. पण उत्तर येईपर्यंत आम्ही थांबलो नाही. प्राचार्यांच्या सहीचे एक पत्र सरकारी रुग्णालयात गेले. एका शनिवारी तेथील तंत्रज्ञ ताई आणि एक डॉक्टर मॅडम आल्या. मुलींच्या कक्षात दिवसभर तपासणी झाली. ज्यांना गरज होती त्यांना गोळ्या मिळाल्या, दोघीतिघींना पुढील तपासणीसाठी बोलाविले गेले. त्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत, लिंबू किंवा आवळा सोबत असावा, पोट थोडे बिघडले तरी सोडू नयेत, हे मॅडमनी एकेकीला समजावून सांगितले. खर्च झाला तो मॅडमसाठी आणलेल्या चहाचा. आणि तोही त्यांनी जेवणानंतर तासाभराने घेतला!

काही प्राध्यापकांनी मला विचारले, की कलामहाविद्यालयाने हा उद्योग का करावा? परीक्षा आहेत, नॅक आहे, स्नेहसंमेलन आहे. ह्यावर माझे उत्तर एवढेच, की तिसऱ्या तासाला ज्या मुलीच्या डोळ्यांपुढे अंधारी येते तिच्यासाठी ज्ञानेश्वर काय आणि ॲरिस्टॉटल काय, दोघेही सारखेच दूर असतात. आपण तिला 'लक्ष नाही' म्हणून दटावतो. तिचे लक्ष कोठे आहे हे पाहण्यासाठी रक्ताचा एक थेंब पुरतो.

मी ह्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडते आहे. तपासणीची नोंदवही, प्रस्तावाची प्रत आणि पावत्यांची वही राष्ट्रीय सेवा योजनेच्या कपाटात दुसऱ्या कप्प्यात ठेवली आहे. नोंदवही सरांच्या कुलपात आहे, बाकी दोन्ही कोणालाही पाहता येतील. प्रस्तावाला उत्तर आले तर पुढील तुकडीने काम उचलावे; नकार आला तर त्याचे कारण वाचून, दुरुस्त करून, पुन्हा पाठवावे. पहिल्या नकाराने फाईल बंद करणे ही आपली जुनी खोड आहे.

ह्या वर्षी १ ऑक्टोबरला मी पुन्हा रांगेत उभी राहिले. त्याच ताई होत्या, तेच निळे द्रावण होते. थेंब क्षणभर वर राहिला आणि मग सरळ तळाशी गेला. ताईंनी मला ओळखले की नाही, ठाऊक नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "चल, झोप तिकडे खाटेवर. पुढची!"